छेदातली माणसं आधी मोजा: मुंबईच्या वस्तीत आरोग्याचं काम कुठून सुरू करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत एक गट आरोग्याचं काम सुरू करतो आहे. वस्तीची लोकसंख्या कागदोपत्री ५० हजार. दक्षिण आशियात जन्मदर घसरतोय, म्हातारी माणसं वाढताहेत, स्थलांतर थांबत नाही, हे सगळं त्यांनी वाचलेलं आहे. त्यांना विचारायचंय ते एवढंच, की आमच्या वस्तीत भर कशावर द्यायचा: मुलांच्या लसी, क्षयरोग, की बीपी-शुगर? आणि हे ठरवताना कुठले आकडे खरे धरायचे?

कशावर भर द्यायचा ते नंतर बघू. आधी वस्तीत माणसं नेमकी किती, कोणत्या वयाची आणि त्यातली किती पुढच्या पावसाळ्यात इथेच असतील, हे काढा. आरोग्य खात्यातली प्रत्येक टक्केवारी म्हणजे शाळेतला अपूर्णांक असतो. अंश सगळेच मोजतात: किती मुलांना लस दिली, किती रुग्ण सापडले. त्याचा रिपोर्ट दर महिन्याला वर जातो, म्हणून तो मोजावाच लागतो. छेद, म्हणजे एकूण माणसं किती हा खालचा आकडा, मात्र जुन्या कागदावरून उचललेला असतो. बहुतेक ठिकाणी २०११ च्या जनगणनेच्या आकड्याला दरवर्षी ठरावीक टक्के जोडून तो तयार होतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि गल्लीनिहाय आकडे हातात यायला त्यानंतरही वेळ लागणार.

त्यात मुंबई सगळीकडे सारखी वाढत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली आणि उपनगर जिल्ह्याची ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेली. एकाच महापालिकेच्या हद्दीत एक जिल्हा आटला, दुसरा फुगला. गिरण्या गेल्या, गिरगाव-लालबागची बिऱ्हाडं डोंबिवली-विरारकडे सरकली. दोन्हीकडे सरसकट सारखी वाढ धरली तर गिरगावात छेद मोठा होतो आणि गोवंडीत लहान.

छेद लहान राहिला तर काय होतं, ते गोवराच्या हिशोबात बघा. समजा वस्ती ५० हजारांची आहे आणि जन्मदर हजारी १६. म्हणजे वर्षाला ८०० बाळं. आरोग्य सेविकांनी त्यातल्या ७२० बाळांना गोवर-रुबेलाचा पहिला डोस दिला. रिपोर्टात ९० टक्के, सगळे खूश. नवव्या महिन्याला दिलेला हा डोस साधारण ८५ टक्के मुलांमध्ये लागू पडतो. म्हणजे ६१२ मुलं सुरक्षित, १८८ उघडी. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, तो घडीभर बाजूला ठेवू. उघड्या मुलांचा साठा एका वर्षाच्या एकूण जन्मांएवढा झाला की साथ येण्याइतकं जळण जमा झालं असं लसीकरणवाले धरतात. १८८ च्या गतीने ८०० व्हायला चार वर्षांच्या वर लागतात.

आता खरी लोकसंख्या ६० हजार आहे असं धरा. पोटमाळ्यावरचे भाडोत्री, खाडीकडची नवी रांग, कारखान्यांतच राहणारी कुटुंबं मिळून दहा हजार माणसं कागदावर नाहीत. मग जन्म ९६०. लस तेवढ्याच ७२० जणांना, म्हणजे खरं प्रमाण ७५ टक्के. सुरक्षित ६१२, उघडी ३४८. तीन वर्षं पुरी होण्याआधीच साठा ९६० च्या पुढे. आणि ही जादा मुलं सगळ्या वस्तीत विखुरलेली नसतात. ती दोन-चार गल्ल्यांत दाटलेली असतात, त्यामुळे साथ तिथे आणखी लवकर पेटते. सेविकेच्या कामात कुठेच खोट नाही, तिच्या यादीतल्या जवळपास प्रत्येक मुलाला लस मिळालेली आहे. जी यादीत नाहीत त्यांच्यापाशी ती जाणार कशी? २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडी-मानखुर्द भागात गोवर भडकला, तेव्हा कोरोनाच्या काळात हुकलेल्या डोसांइतकाच हा यादीबाहेरच्या मुलांचाही प्रश्न होता. उलटी खूणही लक्षात ठेवा: एखाद्या हेल्थ पोस्टचं, म्हणजे महापालिकेच्या छोट्या आरोग्य केंद्राचं, लसीकरण ११० टक्के दिसलं तर तिथे काम फार चांगलं आहे असं समजू नका, छेद तपासा.

आता प्रदेशाच्या सरासऱ्यांबद्दल. दक्षिण आशिया म्हणजे एका चाळीत राहणारी वेगवेगळ्या वयाची बिऱ्हाडं. पाकिस्तानात २०१७-१८ च्या पाहणीत एका बाईमागे सरासरी ३.६ मुलं होती. बांगलादेश सत्तरच्या दशकात सहाच्या वर होता, तो २.३ पर्यंत उतरला. भारत २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.० वर आला. ही पाहणी आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेली. आणि भारत तरी एक कुठे आहे? त्याच पाहणीत बिहार ३.०, महाराष्ट्र १.७, सिक्कीम १.१. तुमच्या वस्तीत बिहारच्या मधुबनीहून दोन वर्षांपूर्वी आलेलं कुटुंब आणि तीन पिढ्या मुंबईत असलेलं साताऱ्याचं कुटुंब एकाच नळावर पाणी भरतं. त्यांची सरासरी काढून जो आकडा येईल, तो त्या दोघांपैकी कुणाचाच नसेल.

या सरासऱ्यांतून दोन गैरसमज हमखास होतात. पहिला असा, की बाईमागे मुलं कमी झाली म्हणजे बाळंतपणंही कमी. तसं लगेच होत नाही. वस्तीत वीस ते पस्तीस वयाच्या बायका भरपूर असतील, तर प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी एकूण जन्म बरीच वर्षं चढेच राहतात. प्रसूतिगृहातल्या खाटा कमी करायचा प्रस्ताव आला की आधी या वयाच्या बायका मोजा.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. केरळचा ठोक मृत्युदर, म्हणजे वय न बघता हजार माणसांमागे वर्षाला होणारे मृत्यू, बिहारपेक्षा जास्त आहे. जन्म-मृत्यूंच्या २०२० च्या नमुना नोंदणीत केरळ हजारी ७.०, बिहार ५.४. बालमृत्यू मात्र हजार जन्मांमागे केरळात ६ आणि बिहारात २७. केरळात म्हातारी माणसं जास्त, म्हणून मरणंही जास्त, एवढंच. मुंबईतल्या दोन विभागांची तुलना करतानाही हेच होतं. समजा दहा-दहा हजारांचे दोन भाग आहेत. पहिला गिरगावसारखा, २,५०० जण साठीपुढचे. तिथे साठीच्या आत हजारी २ आणि साठीनंतर हजारी ४० मृत्यू होतात: १५ आणि १००, एकूण ११५, म्हणजे हजारी ११.५. दुसरा गोवंडीसारखा, साठीपुढचे फक्त ५००. तिथे साठीच्या आत हजारी ४, साठीनंतर हजारी ६०: ३८ आणि ३०, एकूण ६८, म्हणजे हजारी ६.८. वरवर पाहता दुसरा भाग ठणठणीत. प्रत्यक्षात कुठल्याही वयाचा माणूस घ्या, दुसऱ्या भागात त्याच्या मरणाची शक्यता दीडपट ते दुप्पट. दोन्हीकडे साठीपुढचे दहा टक्केच आहेत असं धरून पुन्हा हिशोब केला की पहिल्याचा दर ५.८ आणि दुसऱ्याचा ९.६ येतो. वयाची यादी असेल तर हे गणित दहा मिनिटांचं आहे, आणि ते न करता निधीची वाटणी करणारे कमी नाहीत.

म्हणून मोजणी. तीही घरोघरची, ५० हजारांच्या वस्तीला नमुन्यावर भागवू नका, कारण इथे जे सुटतं तेच तुम्हाला हवं असतं. साडेचार माणसांचं घर धरलं तर सुमारे ११ हजार बिऱ्हाडं. दोघांची जोडी एका संध्याकाळी तीन तासांत २५ ते ३० बिऱ्हाडं नीट करते. दहा जोड्या असतील तर चाळीसेक संध्याकाळी, म्हणजे आठवड्याला पाच दिवस धरून दोन महिने. कुणी एका संध्याकाळी ६० केल्या असं सांगितलं, तर ते गल्लीच्या तोंडावर बसून भरलेलं आहे.

आधी इमारती-खोल्यांना नंबर टाका, मग माणसं. खालच्या खोलीचा आणि वरच्या माळ्याचा जिना वेगळा असेल तर नंबर वेगळा. बिऱ्हाड कशाला म्हणायचं? जनगणनेचा नियम सोपा आहे: एका चुलीवर जेवणारे ते एक बिऱ्हाड. मुंबईत तो जरीच्या गाळ्यात आणि खानावळीच्या डब्यावर राहणाऱ्या पोरांपाशी अडतो. तिथे खोली हेच बिऱ्हाड धरा आणि पाळ्या विचारा. दहा बाय दहाच्या खोलीत दिवसपाळीचे सहा आणि रातपाळीचे सहा राहत असतील, तर कुठल्याही वेळी गेलात तरी सहाच दिसतात. अंथरुणं किती, हे विचारून फसायला होतं. डबे किती येतात, हे विचारा.

कोण मोजायचं याचे दोन नियम एकदम चालवा. नेहमी इथे राहणारे, म्हणजे सहा महिने राहिलेले किंवा राहणार असलेले, हा एक रकाना. काल रात्री इथे कोण झोपलं होतं, हा दुसरा. बीपी-शुगर, गरोदरपण, क्षयरोगाचे उपचार यांसाठी पहिला आकडा लागतो. गोवर, मलेरिया, लेप्टो यांना तुमच्या सहा महिन्यांच्या नियमाशी देणंघेणं नसतं, त्यांच्यासाठी दुसरा. दोन्हींतला फरक जिथे मोठा, ती तुमची स्थलांतरितांची गल्ली.

बाकी रकाने: जन्मतारीख किंवा वय, स्त्री की पुरुष, मूळ जिल्हा, मुंबईत कधीपासून, गरोदर असल्यास शेवटची पाळी, पाच वर्षांखालच्या मुलाचं लसीचं कार्ड बघितलं की नुसतं ऐकलं, बीपी-शुगरची गोळी चालू आहे का, घरात गेल्या दोन वर्षांत टीबी झाला होता का, मोबाईल. पहिल्या फेरीत एवढं पुरे. फॉर्म लांबला की शेवटची पानं अंदाजे भरली जातात.

आधार कार्ड किंवा कुठलाही पुरावा मागू नका. एका दारात कागद मागितला की पुढच्या तीन गल्ल्यांत बातमी आधी पोचते आणि दारं बंद होतात, खास करून जिथे लोकांना हाकलून लावण्याची भीती आहे तिथे. आपण कोण, कुठून आलो, हे दोन वाक्यांत सांगा, आणि बरोबर त्याच गल्लीतली एक बाई ठेवा.

वेळ सांभाळा. पाणी येण्याच्या तासाला कुणाच्या दारात उभं राहू नये. पुरुष हवे असतील तर रविवारची सकाळ. कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. पोलिओच्या फेऱ्यांत दारावर खडूने पी किंवा एक्स लिहायचे ते आठवत असेल: पी म्हणजे झालं, एक्स म्हणजे राहिलं. ती पद्धत उचला, कारण त्यात राहिलेलं घर डोळ्यांना दिसतं. भारतातला शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या कामात लसीइतकाच वाटा या एक्सच्या घरांमागे पुन्हा पुन्हा जाण्याचा होता. वीटभट्ट्या, बांधकामाच्या साइट, पालं यांच्या वेगळ्या याद्या तेव्हाच तयार झाल्या.

यादी झाली की ताळा घ्या. वीजमीटर, रेशनकार्ड, मतदारयादी यांच्याशी थेट जुळवू नका. एका मीटरवर चार भाडोत्री असतात, रेशन आणि मत बऱ्याच जणांचं गावाकडे असतं. त्याऐवजी यादी स्वतःशीच जुळते का पाहा. एक वर्षाखालची बाळं ही एक ते चार वर्षांच्या एकूण मुलांच्या साधारण पाव असायला हवीत. बरीच कमी भरली तर तान्ही बाळं सुटली आहेत, किंवा बायका बाळंतपणाला माहेरी आहेत; सेविकेला विचारलं की कोणतं ते कळतं. पर्यवेक्षकाने वीसपैकी एक घर स्वतः पुन्हा करायचं, आणि कोणतं करणार ते जोडीला आधी सांगायचं नाही.

वयाचा घोळ वेगळाच. माणसं चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशी वयं सांगतात. वयं किती गोल करून सांगितली आहेत ते तपासायला व्हिपलचा निर्देशांक वापरा: २३ ते ६२ वयाच्या लोकांपैकी ज्यांच्या वयाच्या शेवटी शून्य किंवा पाच आहे ते मोजा, त्याला ५ ने गुणा, त्या वयोगटातल्या एकूण लोकांनी भागा, शंभरने गुणा. २,००० पैकी ९०० जण असे निघाले तर २२५ येतात. १०० आलं तर वयं खरी, १७५ च्या वर गेलं तर वयाचा रकाना अगदी कच्चा. तो पक्का करायला घटना विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढे होता, म्हणजे १९६७. बहात्तरचा दुष्काळ. गिरणी संप, १९८२. दंगल आणि बॉम्बस्फोट, १९९२-९३. सव्वीस जुलैचा पाऊस, २००५. बिहारच्या माणसाला कोयना विचारून उपयोग नाही. त्याला १९८८ चा भूकंप विचारा. तीस वर्षांपुढे बीपी-शुगर तपासणी, सत्तरीनंतर आयुष्मानचं कार्ड, म्हणजे वयावर पुढचं बरंच काही लटकलेलं आहे.

जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून लोकसंख्येचा बदल काढायचा मोह होईल. कायद्याने नोंद घटना जिथे घडली तिथे होते, माणूस राहतो तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे चिपळूणला किंवा जौनपूरला, नोंदही तिकडेच. उलट ठाण्या-पालघरची अवघड बाळंतपणं मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत, नोंद मुंबईत. मृत्यूंचंही तसंच. आजार बळावला की म्हाताऱ्या माणसाला गावी नेतात, आणि मुंबईच्या वस्तीतले मृत्यू कागदावर कमी दिसतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक गेलेल्या माणसापुढे कुठे गेला हे लिहा, आणि गावी वारले तर तेही.

मृत्यूचं कारण हा रकाना तर बहुतेकदा वाया गेलेला असतो. दाखल्यावर हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडली असं लिहून मोकळे होतात. ती तर प्रत्येकाचीच पडते. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, म्हणजे फॉर्म ४ मध्ये, पहिल्या भागात कारणांची साखळी लिहायची असते, वर तात्काळ कारण आणि सगळ्यात खाली मूळ कारण: रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, तो पायाच्या गँग्रीनमुळे, तो टाइप २ मधुमेहामुळे. आकडेवारीत धरायचं ते खालचं. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांशी एक दुपार बसून एवढंच समजावलं, तरी वर्षभरात मधुमेहाने किती जण गेले ते दिसायला लागतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. यादीतून वयाचा मनोरा काढा, गल्लीवार: कोणत्या वयाचे किती याची उभी आकृती, लहान मुलं तळाशी, म्हातारी माणसं वर. बहुतेक मुंबईकर वस्त्यांत तीन आकार सापडतात आणि ते शेजारी शेजारी असतात.

तळाशी रुंद असलेल्या गल्ल्यांत लसीकरण आधी. अपेक्षित गरोदरपणं काढायची रीत अशी: लोकसंख्या गुणिले जन्मदर, त्यात दहा टक्के वाढ. वरच्या उदाहरणातली ६० हजार माणसं आणि हजारी १६ ला ९६० जन्म, सुमारे १,०५६ गरोदरपणं, महिन्याला ८८ नवी नावं. महिन्याला पन्नासच येत असतील तर बाकीच्या गावी गेल्या, खासगीत गेल्या की राहिल्या, हे नावानिशी शोधा. लसींची मागणी करताना दहा टक्के नासाडीला १.११ ने गुणा. गोवर-रुबेलाची बाटली कालवल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते, तिथे नासाडी जास्त धरा. बाटली वाचवायला दोनच मुलं आली म्हणून त्यांना परत पाठवणं हा सगळ्यात खोटा काटकसरीचा प्रकार. ती दोन मुलं पुन्हा येत नाहीत.

मनोऱ्याच्या मधोमध, वीस ते चाळीसच्या पुरुषांचं पोट सुटलेल्या गल्ल्या दुसऱ्या. २०११ मध्ये मुंबई शहरात हजार पुरुषांमागे ८३२ आणि उपनगरात ८६० बायका होत्या, त्यामागे हेच पुरुष. इथे क्षयरोग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत पंधरा वर्षांपुढच्या दर लाखात ३१६ जणांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फुफ्फुसाचा टीबी सापडला. तुमच्या ६० हजारांत पंधरापुढचे ४३ हजार धरले तर सुमारे १३६ जण, तेही देशाच्या सरासरीने. दाट, उजेड-वारा नसलेल्या इमारतींत जास्त. त्याच पाहणीत ४२ टक्क्यांहून जास्त रुग्ण फक्त छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. म्हणजे खोकला आहे का एवढंच विचारत फिरलात तर दहातले चार सुटतील. एक्स-रेची गाडी किंवा हातातलं यंत्र मिळवा, संशयितांच्या थुंकीची नॅट चाचणी (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) करून औषधाला दाद न देणारा टीबी आहे का तेही तेव्हाच बघा.

इथे बिघडतं ते गावी जाण्यापाशी. सहा महिन्यांचा कोर्स, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरं वाटतं, मग शेतीची कामं किंवा बहिणीचं लग्न निघतं आणि गोळ्या थांबतात. पहिल्याच दिवशी विचारा की येत्या सहा महिन्यांत गावी कधी जाणार. निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक, मोबाईलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे द्या, निघण्याआधी तिकडच्या केंद्राला रुग्ण वर्ग करा, महिन्याची औषधं हातात द्या. घरातल्यांना प्रतिबंधक उपचार आणि पोटभर आहार: झारखंडमधल्या अभ्यासात नुसत्या आहाराच्या मदतीने घरातल्यांमधलं टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मलेरियाचंही याच गल्ल्यांत बघा. बांधकामावर नवीन आलेल्या मजुराचं रक्त पहिल्या आठवड्यातच तपासा. श्रीलंकेत १९६३ मध्ये मलेरियाचे फक्त १७ रुग्ण उरले होते; लक्ष ढिलं पडलं आणि तो उसळून परत आला, मलेरियामुक्तीचा दाखला मिळायला २०१६ उजाडलं.

तिसऱ्या, वरून जड झालेल्या गल्ल्या म्हणजे जुन्या चाळी आणि पुनर्वसनाच्या जुन्या इमारती. इथे बीपी-शुगर, आणि इथे बहुतेक संस्था शिबिर भरवून निघून जातात. शिबिराआधी हा हिशोब करा. २०२१ च्या मुंबईतल्या पाहणीत १८ ते ६९ वयातल्या सुमारे ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि १८ टक्क्यांना मधुमेह निघाला. दहा हजारांच्या भागात या वयाचे ६,५०० धरा: बीपीचे २,२१०. त्यातले निम्मे जरी दर महिन्याला गोळ्यांना आले तर कामाच्या २५ दिवसांत रोज ४४ जण, आणि एकच गोळी दिवसाला धरली तरी महिन्याला ३३ हजार गोळ्या. तुमच्या ६० हजारांना एकच दवाखाना असेल तर रोज अडीचशेच्या वर माणसं फक्त बीपीची. ते अशक्य आहे, म्हणून तिसऱ्या महिन्यात गोळ्या संपतात आणि माणसं यायची थांबतात. उपाय कंटाळवाणा आहे: ज्यांचं बीपी आटोक्यात आलं त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, मधलं मोजमाप सेविकेकडे. रांग तिसऱ्या हिश्शावर येते.

मोजमापही नीट करा. जिना चढून आलेल्या आजोबांना लगेच पट्टा बांधला तर निम्मी चाळ रुग्ण ठरेल. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा. लहान पट्टा आकडा वर दाखवतो. दोन-तीनदा मोजा, पहिला आकडा सोडा. १४०/९० च्या वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग डॉक्टर. तिसऱ्या मजल्यावरून गुडघ्यांमुळे खाली न उतरणारे किती, याची वेगळी यादी ठेवा. ते दवाखान्याच्या कुठल्याच आकड्यात येत नाहीत.

मोजणी गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात आणि दिवाळी ते छठ या काळात करू नका. निम्मी वस्ती कोकणात नाहीतर बिहारच्या गाडीत असते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर सुरू करून जानेवारीअखेर संपवा. त्यानंतर प्रत्येक गल्लीला एक आला-गेला वही ठेवा, आठवड्यातून एकदा भरायची: नवीन बिऱ्हाड कुठल्या खोलीत, कुठून आलं, लहान मूल आहे का, कोण गेलं, कुठे. खोल्या भाड्याने लावून देणारा एजंट आणि कोपऱ्यावरचा दूधवाला, या दोघांना नवीन भाडोत्री सेविकेच्या आधी कळतो. त्यांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.